कूलरसमोरचा थेंब

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तू असताना मी तुला जे काही लिहिलं ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, पेन्सिलीने. 'सोल्डर संपलं, येताना आण.' 'गिऱ्हाईक येऊन परत गेलं, कुठे उलथला आहेस?' नागपुरात बर्डीच्या गल्लीतल्या एवढ्याशा रेडिओच्या दुकानात दिवसभर समोरासमोर बसणाऱ्या भावाबहिणीला पत्रं कशाला लागतात?

आज लिहिते आहे, कारण आज हिंगण्याच्या त्या औषधाच्या कारखान्यात यंदाचा कूलर लागला. बाटल्यांवर तारीख छापणाऱ्या मशीनपासून हातभर अंतरावर, टब काठोकाठ भरून, पंखा पूर्ण वेगात. तिथल्या शांताबाईला तू जो शब्द देऊन बसला होतास, त्याची आज परीक्षा होती. शब्द दिलास तू, आणि परीक्षेला बसायचं मी. वा रे वा!

निकाल लगेच सांगणार नाही. जिवंतपणी तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. मी 'दादा, मला वाटतं' म्हणायचा अवकाश, तू 'तुले वाटून काय होते' म्हणून मोकळा. आता बस गुपचूप आणि पहिल्यापासून ऐक.

तू नेहमी म्हणायचास, "कुंदे, तुले काम येते, पण सांगता येत नाही." आज मॅनेजरसाहेबांकडे मुंबईचे पाहुणे आले होते. त्यांना मशीन कोणी समजावली? मी! मी म्हटलं, या मशीनला शिक्का नाही, टाइप नाही, ती बाटलीला हातसुद्धा लावत नाही. बारीक छिद्रातून शाईची धार निघते. मागे एक स्फटिक थरथरत असतो, त्या थरथरीने धार तुटते आणि तिचे एकसारखे थेंब होतात. धार जिथे तुटते तिथेच एक पट्टी आहे. नेमक्या त्या क्षणी पट्टीला वीज दिली, की सुटणारा थेंब थोडा चार्ज घेऊन निघतो. पुढे दोन पत्र्यांमध्ये हजारो व्होल्ट. चार्ज घेतलेला थेंब तिथे वळतो आणि बाटलीवर तारीख होऊन बसतो. ज्याने चार्ज घेतला नाही तो सरळ जाऊन परतीच्या नळीत पडतो आणि पुन्हा टाकीत येतो.

आणि वीज द्यायची वेळ जराशी चुकली तर? थेंबाला अर्धामुर्धा चार्ज मिळतो, तो भलतीकडे पडतो, आणि आठाचा तीन दिसायला लागतो. औषधाच्या बाटलीवर असं चालेल का? म्हणून वाटेत सेन्सर ठेवलेला असतो. एक छोटंसं कडं. थेंब त्यातून निघून जातो, कड्याला शिवत नाही, पण थेंबावर चार्ज असेल तर कड्याला त्याची चाहूल लागते. चाहूल लागली तर मशीन छापते, नाही लागली तर बंद पडते. झालं सांगून! पाहुण्यांनी माना डोलावल्या. तू असतास तर मध्येच स्क्रू-ड्रायव्हर नाचवत काहीतरी बोलला असतास.

तुला आठवतं, हेच तू आईला सांगायला गेला होतास? ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. म्हणाली, "चार्ज घेते म्हंजे? तुह्या बाबाची बदली झाली का पोस्टाचा चार्ज द्या-घ्यायले आठ आठ दिवस लागत. अन् तुहा थेंब उडता उडता चार्ज घेते काय गा?" तू म्हणालास, "होय वं आई, अन् सही बी करत नाही!" तुझाच चहा तुझ्याच शर्टावर सांडला हसता हसता. तो शर्ट मी धुतला होता, म्हणून माझ्या लक्षात आहे.

मागच्या मे महिन्याचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मशीन सकाळी छान चाले आणि दुपार झाली की बंद पडे. कंपनीचा माणूस मुंबईहून यायचा तर पंधरवडा लागे, म्हणून मॅनेजरसाहेबांनी आपल्याला बोलावलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना! मी डिप्लोमा केला होता म्हणून जरा धीर करून आत गेले, तू तर स्वतःच्या घरात शिरावं तसा शिरलास.

आणि मग आपण काय केलं? जे नागपूरचं कोणीही करेल तेच. दुपारी बंद पडते ना, म्हणजे तापली बिचारी! तू मशीनवर हात ठेवलास आणि म्हणालास, "इले ऊन लागलं. कूलर फिरवा इकडं." बाटल्या पॅक करणाऱ्या बायकांच्या बाजूला असलेला तो मोठा पत्र्याचा कूलर आपण दोघांनी ओढत आणला आणि त्याचं तोंड मशीनकडे केलं. वाळ्याच्या ताट्यांवर तू वरून आणखी बादलीभर पाणी ओतलंस. घरात कोणाला लू लागली तर करतो, तसं सगळं केलं. फक्त कांदा तेवढा तिच्या खिशात ठेवायचा राहिला.

मशीन आणखीच बिघडली. आता ती सकाळीसुद्धा चालेना. तू आणखी पाणी ओत, ती आणखी बंद पड! मी तुला दोनदा म्हटलं, दादा, मला वाटतं... तुझं उत्तर ठरलेलंच.

शेवटी एकदा टबातलं पाणी संपलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि कूलर नुसता कोरडा वारा फेकत राहिला. तासाभराने मशीन आपोआप सुरू झाली. आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तुझा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. मग तू कपाळावर हात मारलास आणि म्हणालास, "अबे, आपणच तं इले बुडवून राह्यलो होतो!"

दोष पाण्याचा होता. आधीही दुपारी बायकांसाठी कूलर लागला कीच मशीन बंद पडत होती. कूलरमधून वाऱ्यासोबत जे बारीक तुषार उडतात, ते कडं ज्यावर बसवलेलं असतं त्या आधारावर बसायचे. आपल्या बोअरचं पाणी खारं, शाईचा बारीक थर आधीचाच, वर ही ओल. कड्याला थेंबाची जी चाहूल लागते ती मुळात इतकी कमी, की त्या ओलीतून ती वाहून जायची. थेंब आपला चार्ज घेऊन व्यवस्थित जात होता. सांगणाऱ्यापर्यंत ते पोहोचत नव्हतं, एवढंच.

मॅनेजरसाहेबांनी मशीनसोबत आलेलं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलेलं होतंच, हवा कोरडी ठेवा. त्यांनी कूलर बंद करायला सांगितला. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, तारखेशिवाय बाटल्या गेल्या असत्या तर त्यांची नोकरी गेली असती. मधे पत्र्याचा आडोसा लावून पाहिला. पण ओलावाच तो, पत्र्याला काय विचारतो!

कूलर बंद झाला आणि बाटल्या वाहून नेणाऱ्या पट्ट्याशी बसलेल्या बायका त्या पत्र्याच्या छपराखाली भाजून निघाल्या. मे महिना, नागपूर. वेगळं काय सांगू? शांताबाई कामठीहून बस बदलत येणारी, त्या सगळ्यांत वयाने मोठी. दुपारी ती चक्कर येऊन खोक्यांवर पडली. तिला पाणी पाजलं, पदराने वारा घातला. डोळे उघडल्यावर ती काय म्हणाली? "मशीनले काही झालं नाही ना?"

तू तिथेच उभा होतास. तुझं डोकं इतकं फिरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांना काही बोलला नाहीस, पुस्तकालाच बोललास. "जिथं लोकं जानवारीत सैपाकघरात बी सेटर घालतात तिथं लिहिलं हे पुस्तक. नागपुरात कूलर बंद करून चालते ते मशीन काय कामाचं?" आणि शांताबाईकडे वळून, "बाई, पुढच्या उन्हाळ्यात कूलर बंद होनार नाही. माहा शब्द हाय." ती बिचारी मान हलवून पुन्हा बाटल्यांशी जाऊन बसली. तिला तुझ्या शब्दापेक्षा पंख्याची जास्त गरज होती.

घरी येताना मी तुला विचारलं होतं, हे जमणार कसं? तू सायकलचं पेडल मारत म्हणालास, "पाहू ना वं. घाई काहून करते?"

दादा, तू 'पाहू' म्हटलंस की काम मला लागतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण यावेळी तू खरोखर पाहिलंस. पावसाळाभर तू तेच करत बसलास. दुकानात टीव्ही, रेडिओ पडून राहिले, गिऱ्हाइकं माझ्या नावाने ओरडली. तू कड्याभोवती दुसरं कडं बसवलंस आणि दोघांना एकाच व्होल्टेजवर ठेवलंस. दोन टाक्यांत पाणी एकाच पातळीवर असलं तर मधल्या नळीतून वाहत नाही, तसंच हे. आधार ओला झाला तरी आतल्या कड्यावरची चाहूल बाहेर गळायची नाही. हे तुला सुचलं, आणि ते फार चांगलं होतं. मी तेव्हा फक्त "ठीक आहे" म्हटलं. ते फार चांगलं होतं, दादा.

पण तेवढ्याने पुरत नव्हतं. कूलरच्या पाण्याचे थेंबही उडताना थोडाफार चार्ज घेतातच. ते आसपास आदळले की कड्याला वाटे, आली शाई! आता मशीन बंद पडायच्या ऐवजी चुकीचं 'हो' म्हणायला लागली. हे तर आणखी वाईट. तुझी जुनी सवय, तू सेन्सरला एका मोडक्या रेडिओचा स्पीकर जोडलास. म्हणायचास, "जे कानाले समजते ते मीटरले कुठून समजनार?" कारखान्यातून मागून आणलेला, शाईचे थेंब सोडणारा मशीनचा जुना भाग टेबलावर, समोर आपला दुकानाचा कूलर, आणि स्पीकरमधून नुसती खरखर. तू कान लावून बसायचास. मला विचारायचास, "ऐकू येते का वं काही?" मी म्हणायची, "खरखर." तू म्हणायचास, "त्याच्या आत."

त्याच दिवसांत तू छातीवर हात चोळायला लागला होतास. मी विचारलं तर म्हणे, "गॅस हाय वं, सोडा पेला का जाते." गॅस! जगातल्या सगळ्या सर्किटमधला दोष शोधायचा आणि स्वतःच्या छातीत दुखतं त्याला सोडा पाजायचा? या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी अजून भांडते. मनातल्या मनात, पोळ्या लाटताना, बसमध्ये, कुठेही.

दिवाळीच्या आधी, सकाळी, चहाचा कप हातात असताना तू गेलास. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तुला माहीतच आहे.

लोक येऊन गेले. पाहुणे परत गेले. मी दुकान उघडायला जाईना. कुलपाची किल्ली खुंटीला तशीच. एक दिवस आई ती किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "तुहे बाबा गेले तवा पोस्टानं दुसऱ्याच दिवशी मानूस धाडला होता. चार्ज कोनी तरी घ्याच लागते, कुंदे. सही नसन करायची तं नको करू." मी किल्ली घेतली.

हिवाळाभर मी तुझ्या कड्याशी झगडले. टेबलापलीकडे तुझी खुर्ची तशीच समोर, त्यावर मी फक्त पक्कड ठेवायची. सिग्नल वाढवून पाहिला, तर खरखरही वाढली. गाळून पाहिला, तर थेंबाची चाहूलही गाळली गेली. जानेवारीत मॅनेजरसाहेबांनी स्पष्ट सांगितलं. वाईट माणूस नाही तो, पण म्हणाला, "ताई, उन्हाळ्याच्या आत जमलं तर जमलं. नाही तर या वर्षी तिथे कूलर लावणारच नाही. बायकांना दुसरीकडे बसवायला माझ्याकडे जागा नाही." दरवाजाशी शांताबाई उभी होती. तिने ऐकलं. ती परत बाटल्यांकडे वळली, आणि ते मला जास्त लागलं.

आता ऐक, नीट ऐक. इथून पुढचं तुला माहीत नाही.

होळी झाली आणि ऊन चढायला लागलं. आपण माळ्यावरून घरचा कूलर काढला. आपण म्हणजे मी आणि आई. तळाला गंज लागला होता, मी डांबर लावलं, हातपाय काळे करून घेतले. तू लावायचास तेव्हा तुझेही व्हायचे, आणि मी हसायची. समोरच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवला. तुला त्याचा आवाज माहीतच आहे, चक्की चालल्यासारखा. चालू असला की दारात दूधवाला ओरडून ओरडून जातो आणि आईला पत्ता नसतो. तसंही तिला आता एका कानाने कमीच ऐकू येतं.

एका संध्याकाळी मी दुकानातून तुझी सायकल घेऊन आले. हो, तुझी सायकल मी चालवते, उंच पडते पण चालवते. गल्लीत नेहमीची गर्दी, सगळ्यांच्या घंट्या वाजत होत्या. दारापाशी आले आणि माझा अंगठा आपोआप फिरला. एक. मग थांबून दोन, लागोपाठ. मग थांबून एक. तुझी घंटी! तू कॉलेजात असल्यापासून वाजवायचास ती. मी मुद्दाम नाही वाजवली, दादा. हँडलवरची ती जागा, अंगठा, आणि काय.

दार धाडकन उघडलं. आई. हाताला कणीक तशीच. ती माझ्याकडे पाहतच नव्हती, माझ्या मागे पाहत होती. मग तिची नजर माझ्यावर आली. "तू होय का वं," ती म्हणाली. मग म्हणाली, "असी घंटी नको वाजवत जाऊ, कुंदे. माहा जीव वरखाली होते."

ती आत गेली आणि पुन्हा कणीक मळायला बसली. मी सायकल धरून अंगणात उभी राहिले आणि खूप रडले. तू गेलास त्या दिवशीसुद्धा इतकी रडले नव्हते, तेव्हा माणसांची सोय बघायची होती.

रात्रीचं जेवण झालं तरी माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. कूलर घरघरत होता. आईचा एक कान अधू. गल्लीत इतक्या घंट्या. माझी घंटी काही इतरांपेक्षा मोठी नव्हती. मग तिला ती ऐकू आली कशी? मोठी होती म्हणून नाही आली. ती घंटी कशी वाजणार हे तिला आधीपासून माहीत होतं म्हणून आली. बाकीच्या सगळ्या घंट्या तिच्यासाठी खरखर होत्या!

आणि आपण काय करत होतो? थेंब आपणच सोडतो, चार्ज आपणच देतो, आणि मग मुकाट्याने कान लावून बसतो की काही आलं का! काय येणार आहे हे आपण कड्याला आधी सांगतच नव्हतो. मला इतका राग आला, तुझा, माझा, दोघांचा.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. छापायच्या आधी मशीन चाचणीचे थेंब सोडतेच. त्यांना चार्ज अगदी हलका असतो, ते फारसे वळत नाहीत, परतीच्या नळीतच पडतात. ते थेंब मी एका ठेक्यात सोडले. थोड्या थेंबांना चार्ज, मग रिकामे. मग दोनदा लागोपाठ, मग रिकामे. मग एकदा. तोच ठेका मी आतल्या आत सेन्सरकडेही पाठवला, थेंबाला कड्यापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबवून. आता सेन्सर आवाज किती मोठा हे बघत नाही. कड्यावर जे येतं ते या ठेक्याने वरखाली होतं का, एवढंच बघतो. तोच ठेका पुन्हा पुन्हा येतो. जुळलं तर मोजायचं, नाही जुळलं तर कूलरचं पाणी म्हणून सोडून द्यायचं. पाण्याच्या थेंबांना कुठे माहीत आहे तुझी घंटी?

दुसरा कोणता ठेका चालला नसता का? चालला असता. पण मला दुसरा सुचला नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही.

तर आज. मॅनेजरसाहेब, मुंबईचे पाहुणे, पट्ट्याशी बायका. मी तुझी दोन कडी आणि माझं सर्किट बसवलं, वर पत्र्याची टोपी घातली, स्पीकर जोडला. थेंब तर किती भराभर जातात, कानाला समजावं म्हणून चाचणीचा ठेका मुद्दाम सावकाश केला. कूलरचा पंखा सुरू केला, पाण्याचा पंप सुरू केला, आणि मशीन खाडकन बंद पडली!

साहेब घड्याळाकडे बघायला लागले. पाहुण्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "कल्पना चांगली होती." होती! मग माझं लक्ष खाली गेलं. कूलर आणि मशीन, दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात. कूलरने वीज ओढली आणि मशीनला पुरली नाही. तू असतास तर ओरडला असतास, "कोन्या शहाण्यानं लावलं हे?" शहाणी मीच होते. मी मशीनचा प्लग पलीकडच्या भिंतीत लावला आणि घाम पुसला.

पुन्हा सुरू केली. कूलर दुपारभर चालू ठेवला. वाळा निथळत होता, मशीनच्या टोपीवर पाणी साचून ओघळ आले होते, माझी ओढणी दमट झाली. स्पीकरमध्ये खरखर होती, आपल्या दुकानात असायची तशीच. आणि तिच्या आत, अगदी बारीक, पण स्पष्ट, टक. टकटक. टक.

तू विचारायचास ना, ऐकू येते का वं काही? येते, दादा. तुला ऐकू आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या कानाने ते माझ्याआधी ऐकलं असतं.

बाटल्या निघत राहिल्या. प्रत्येकीवर तारीख, आठाचा आठ, तिनाचा तीन. साहेबांनी संध्याकाळपर्यंत एकेक उचलून पाहिली आणि मग म्हणाले, "कूलर राहू द्या." एवढंच. शांताबाईने मला विचारलं, "हे काय वाजून राह्यलं वं बाई?" मी म्हटलं, "शाईचा थेंब." "थेंबायले बी आवाज असते?" म्हणाली ती. मग उठून तिने कूलरचं तोंड थोडं स्वतःकडे वळवलं, पदर सैल केला आणि पुन्हा कामाला लागली. तिला तुझा शब्द आठवला की नाही, मी विचारलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. घंटीचंही सांगितलं. भीत भीतच. तिने ऐकून घेतलं. तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माहा वसंता घंटी वाजवते, अन् ते मशीन वळखते?"

"हो, आई."

"अन् मंग दार उघडते?"

"उघडते. मग तारीख उमटते."

"अस्सं," म्हणाली, आणि सूप झटकून आत गेली. आज पहिल्यांदाच तिने तुझं नाव घेतलं आणि ती रडली नाही, दादा.

म्हणून एक वचन देते, आणि मी दिलेला शब्द मीच पाळते, दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाही. आपल्या दारात तुझी घंटी मी पुन्हा वाजवणार नाही. अंगठा आवरीन, नाही तर ती घंटीच बदलीन. पण हिंगण्याला रोज सकाळी मशीन सुरू होईल तेव्हा शाईचा पहिला थेंब तुझ्याच घंटीने येईल, आणि कूलर कितीही घरघरला तरी दार उघडेल. मी आहे तोवर तो ठेका कोणी बदलणार नाही.

तुझीच,
कुंदी